दुकान आपलं, पाटी कोणाच्या नावावर? डोमेन एका कंपनीकडून दुसरीकडे नेताना

रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत दिली होती. आपापल्या वेबसाईटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' या नव्या शेपटीवर न्यायचा, म्हणजे खोटी बँक आणि खरी बँक पत्त्यावरूनच ओळखता येईल. त्या दिवसांत आमच्या बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: बँकेचा पत्ता बदललाय, हे खरं की फसवणूक? ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक काढली, त्या गावातली माणसंही आपल्याच बँकेच्या नव्या पत्त्याकडे डोळे बारीक करून बघत होती. मला तर त्यात आनंदच वाटला. पत्त्याकडे कोणी बघतंय हेच मुळात नवीन.

त्याच सुमारास मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आमच्या आप्पांचा फोन आला. "बँका हलल्या, मग आपणही हलवून टाकू. आपला वेबसाईटवाला दर वर्षी पैसे वाढवतो. पुतण्याने एक स्वस्तवाली कंपनी शोधली आहे."

आप्पांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली होती. बँकांनी नवं नाव घेतलं. आप्पांना नाव तेच ठेवून फक्त ते सांभाळणारी कंपनी बदलायची होती. वेबसाईटच्या नावाला डोमेन म्हणतात, आणि या दुसऱ्या गोष्टीला डोमेन ट्रान्सफर. ऐकायला किरकोळ वाटते आणि बहुतेक वेळा असतेही. आप्पांच्या बाबतीत मात्र तीन दिवस कंपनीला एकही मेल आला नाही, आणि मेल येत नाही हे कळायलाच त्यातले दोन दिवस गेले.

मोबाईल नंबर पोर्ट करतो तसंच ना?

बरंचसं तसंच. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करायची सोय आली. आपण १९०० वर मेसेज टाकतो, आठ अक्षरी कोड येतो, तो नव्या कंपनीला देतो, नंबर तोच राहतो आणि कंपनी बदलते. डोमेनलाही असाच एक कोड असतो. त्याला ऑथ कोड म्हणतात. काही पॅनेलवर, म्हणजे कंपनीच्या साईटवरच्या आपल्या खात्याच्या पानावर, ईपीपी कोड लिहिलेलं दिसेल, वस्तू एकच. जुन्या कंपनीकडून कोड घ्यायचा, नव्या कंपनीला द्यायचा. जुनी कंपनी कोड द्यायला टाळाटाळ करू शकत नाही. मागितल्यापासून पाच दिवसांत तो मिळालाच पाहिजे किंवा स्वतःला काढता आला पाहिजे, असा नियम आहे.

इथपर्यंत उपमा चालते, पुढे मोडते. मोबाईलचा नंबर पोर्ट केला म्हणून तुमच्या घरचा पत्ता, टपालपेटी आणि दुकानाची पाटी हलत नाही. डोमेनला हे सगळं लटकलेलं असतं. शिवाय सिम तुमच्या हातात असतं. डोमेन कोणाच्या हातात आहे, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. (निम्म्या हा माझा अंदाज. मी ज्यांची कामं पाहिली, त्यांच्यात प्रमाण याहून वाईट होतं.)

वही, दलाल आणि वाड्याच्या दारावरची पाटी

सगळा गोंधळ तीन कामं एकच समजल्यामुळे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट म्हणजे वही. सिटी सर्व्हेच्या ऑफिसात कोणता प्लॉट कोणाचा याची नोंद असते, तशी 'डॉट कॉम'ने संपणाऱ्या प्रत्येक नावाची नोंद एकाच वहीत असते. ती वही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. 'डॉट इन'ची वही आपल्याकडे निक्सी या संस्थेच्या ताब्यात आहे. वही सांभाळणाऱ्याला रजिस्ट्री म्हणतात.

दुसरा दलाल. तुम्हाला-मला वहीत थेट लिहिता येत नाही. मान्यता मिळालेला रजिस्ट्रार आपल्या वतीने नोंद करतो. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी ही मान्यता आयकॅन देते. १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही संस्था नावांच्या या सगळ्या व्यवहाराचे नियम ठरवते. रजिस्ट्रारखाली पोट-दलाल असतात, त्यांना रिसेलर म्हणतात. अलकापुरीत एका खोलीत बसून वेबसाईट बनवून देणारा मुलगा बहुधा रिसेलर असतो, किंवा रिसेलरचाही गिऱ्हाईक. तुम्ही पैसे त्याला देता, तो वर देतो, ते वहीपर्यंत पोचतात.

तिसरी पाटी. जुन्या वाड्यांच्या दारावर असते ना, जोशी पहिला मजला, शिर्के मागची बाजू, टपाल खालच्या पेटीत टाकावे. इंटरनेटवर ही पाटी म्हणजे डीएनएस. वेबसाईट कोणत्या यंत्रावर आहे, मेल कुठे टाकायचे, हे त्यावर लिहिलेलं असतं. पाटी ज्या यंत्रावर टांगलेली असते त्याला नेमसर्व्हर म्हणतात, आणि वहीत तुमच्या नावापुढे 'याची पाटी अमुक ठिकाणी पाहा' एवढंच लिहिलेलं असतं.

आणि प्रत्यक्ष दुकान, म्हणजे वेबसाईटच्या फाइली, हे होस्टिंग. ते चौथीकडेच असू शकतं.

ट्रान्सफरमध्ये बदलतो तो फक्त दलाल. वही तीच, नाव तेच. पाटीही नियमाने जिथल्या तिथे राहते. मग आप्पांचं काय बिनसलं?

आप्पांचे तीन दिवस

त्यांची पाटी जुन्या दलालाने फुकट लावून दिली होती. डोमेनसोबत डीएनएस मोफत, अशी बहुतेक ठिकाणी पद्धत आहे. गिऱ्हाईक गेल्यावर दलालाने आपली पाटी उतरवून घेतली. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. फुकटची पाटी तो कुठवर सांभाळणार? वहीत मात्र अजून लिहिलेलं होतं की पाटी तिथेच पाहा. पोस्टमन, म्हणजे पाटी वाचून मेल आणि गिऱ्हाइकांना वाट दाखवणारी इंटरनेटवरची यंत्रं, वाड्याशी यायचा, दारावर फक्त चार खिळे.

याची खरी गंमत, म्हणजे आपल्याला गंमत, आप्पांना नाही, ही की बिघाड सगळ्यांना एकाच वेळी दिसत नाही. पोस्टमनला पाटी रोज वाचायचा कंटाळा असतो. एकदा वाचली की काही तास, कधी दोन दिवस, तो आठवणीवर चालतो. ही आठवण किती वेळ धरायची ते पाटीवरच लिहिलेलं असतं. त्यामुळे आप्पांच्या फोनवर वेबसाईट छान उघडत होती, पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडत होती, आणि अंकलेश्वरच्या केमिकल कंपनीने पाठवलेली चौकशी मात्र परत जात होती. पुतण्या शपथेवर सांगत होता, "काका, माझ्याकडे तर चालतंय." तो खोटं बोलत नव्हता. त्याचा पोस्टमन आठवणीवर चालला होता.

शेवटी पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "तुमची कंपनी बंद झाली का?" आप्पांना रक्तदाबाची गोळी आहेच.

नवी पाटी लावायला अर्धा तास पुरला. पण तिच्यावर काय लिहायचं हे शोधायला दिवस गेला, कारण जुन्या पाटीची नक्कल कोणीच ठेवली नव्हती. वेबसाईटचा पत्ता होस्टिंगवाल्याने सांगितला. मेलची ओळ मेलवाल्या कंपनीच्या मदतीच्या पानावर सापडली. पण पाटीवर आणखी दोन-तीन बारीक ओळी असतात. 'या नावाने मेल पाठवायचा अधिकार यांनाच आहे' असं जगाला सांगणाऱ्या. त्या राहून गेल्या, आणि पुढचा आठवडाभर आप्पांची कोटेशनं लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडत होती.

काही डोमेनांवर याशिवाय डीएनएससेक नावाचं एक सील असतं. पाटी खरी असल्याची लाखेची मोहोर समजा. पाटी बदलली आणि वहीत मोहोर जुनीच राहिली, तर सावध पोस्टमन नव्या पाटीला खोटी ठरवतो. तुमच्याकडे ते चालू असेल तर हलवण्याआधी ते काढायला किंवा बदलायला सांगा. नसेल तर हा परिच्छेद विसरा.

ज्याच्या हाती मेल

वरचा प्रकार गैरसोयीचा. धोक्याचा प्रकार वेगळा आहे: नाव तुम्ही हलवत नाही, दुसराच हलवतो.

रजिस्ट्रारकडच्या नोंदीत तुमच्या नावापुढे एक ईमेल लिहिलेला असतो. कोड त्यावर येतो, सूचना त्यावर येतात, पासवर्ड विसरलात तर नवा त्यावरच येतो. कायद्याने मालक कोणीही असो, व्यवहारात मालक तो, ज्याला हा ईमेल उघडता येतो. आता आठवून पाहा, तुमच्या डोमेनपुढे कोणाचा ईमेल आहे? आप्पांच्या नोंदीत २००९ साली वेबसाईट करून दिलेल्या मुलाचा होता. मुलगा आता कॅनडात आहे. भला माणूस निघाला, फोन उचलला. प्रत्येकाचा उचलेलच असं नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे त्याच डोमेनवरचा ईमेल देऊन ठेवणं. म्हणजे डोमेन आप्पांच्या कंपनीच्या नावाचं, आणि संपर्काचा ईमेलही त्याच नावावर संपणारा. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद. मग ते सुरू करायचा कोड कुठे येणार? चावी आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

२००५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधल्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं डोमेन एका शनिवारी तिच्या हातातून निसटलं. नोंद गेली ऑस्ट्रेलियातल्या रजिस्ट्रारकडे, पाटी लागली ब्रिटनमध्ये, मेल वळवले गेले कॅनडाकडे. पॅनिक्सला कोणी विचारलंच नव्हतं. मालकाची खातरजमा करायचं काम त्या रजिस्ट्रारने आपल्या एका रिसेलरवर सोपवलं होतं, रिसेलरने ते केलं नाही, आणि त्याच्याकडचं खातं चोरीच्या क्रेडिट कार्डावर उघडलेलं होतं. ऑस्ट्रेलियातलं ऑफिस शनिवार-रविवार बंद. तिकडे सोमवार उजाडला तेव्हा नाव परत मिळालं. ट्रान्सफरचे नवे, सुटसुटीत नियम लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. इंटरनेट सेवा विकणारी, रात्रंदिवस याच धंद्यात असलेली कंपनी दोन दिवस हतबल बसून राहिली, तर व्हॉल्व्ह बनवणाऱ्याची काय कथा.

आणि मौनं संमतिलक्षणम् हा इथे केवळ सुविचार नाही, नियम आहे. ट्रान्सफरची मागणी आली की जुना रजिस्ट्रार तुम्हाला मेल पाठवतो: हे तुम्हीच मागितलं का? पाच दिवसांत कोणीच नकार दिला नाही, तर नाव जातं. तो मेल कॅनडातल्या जुन्या पेटीत पडला असेल, तर तुमचं मौन आपोआप संमती धरलं जातं.

पूर्वी नवा रजिस्ट्रारही मालकाला मेल करून विचारायचा. मे २०१८ मध्ये युरोपात खासगी माहितीचा कडक कायदा लागू झाला, मालकाचे तपशील जाहीर नोंदीतून झाकले गेले, आणि नव्या रजिस्ट्रारला ईमेलच दिसेनासा झाला. तेव्हापासून भिस्त मुख्यतः कोडवर आहे. लोकांचे फोन नंबर उघड्यावर पडायचे थांबले हे चांगलंच झालं. पण दाराला दोन कड्या होत्या, त्यातली एक गेली.

"पण डोमेनला लॉक असतं ना?"

असतं, आणि ते लावलेलंच असू द्या. पॅनेलमध्ये 'ट्रान्सफर लॉक' नावाचं बटण असतं. ते चालू असेपर्यंत वही नाव हलवू देत नाही. पण हे लॉक तुमच्याच खात्यातून निघतं. ज्याच्याकडे खात्याचा पासवर्ड, त्याच्याकडे लॉकची चावी. चालता-फिरता चोर त्याने अडतो, घरात शिरलेला नाही.

दुसरा एक आडणा आहे साठ दिवसांचा. नवं नाव घेतल्यावर साठ दिवस आणि एकदा हलवल्यावर पुन्हा साठ दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. १ डिसेंबर २०१६ पासून त्यात भर पडली: मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला तरी साठ दिवस थांबायचं. काही रजिस्ट्रार ही शेवटची अट बदल करण्याआधीच नाकारायची मुभा देतात. (हे दिवस 'डॉट कॉम'सारख्या आयकॅनच्या छत्राखालच्या नावांचे. 'डॉट इन'चे नियम निक्सी ठरवते; तिथे रजिस्ट्रारला विचारून घ्या.)

हेतू चांगला: चोराने खात्यात शिरून ईमेल बदलला तरी त्याला लगेच पळता येऊ नये. पण चोराला घाई नसेल तर? पर्ल ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा. तिचं 'पर्ल डॉट कॉम' हे नाव जानेवारी २०२१ च्या शेवटी अचानक भलतीकडे गेलेलं दिसलं. मागे जाऊन पाहिल्यावर ध्यानात आलं की खात्यावरचा ताबा सप्टेंबर २०२० मध्येच गेला होता. घेणाऱ्याने शांतपणे साठ दिवस जाऊ दिले, डिसेंबरात नाव चीनमधल्या रजिस्ट्रारकडे हलवलं, आणि वेबसाईटला हातही लावला नाही. साईट चालू होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. जानेवारीत पाटी बदलली तेव्हा बोभाटा झाला. तोवर नाव १,९०,००० डॉलरला विकायलाही काढलं गेलं होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते मूळ माणसांकडे परत आलं, पण त्यांच्यामागे जगभरच्या जाणकारांचा गोतावळा होता.

साठ दिवसांची हीच अट प्रामाणिक माणसालाही अडवते. समजा तुम्ही हा लेख वाचून आज पॅनेल उघडलं, जुन्या मुलाचा ईमेल काढून आपला घातला. शाब्बास. आता डोमेनची मुदत चाळीस दिवसांनी संपते आणि तुम्हाला ती संपण्याआधी दुसरीकडे जायचं आहे. जाता येणार नाही. निमूट जुन्याकडेच पैसे भरावे लागतील.

"मी तर काहीच हलवलं नाही, मला काय भीती?"

कधी कधी दलालच दुकान विकतो. गूगलने २०२३ च्या जूनमध्ये आपला डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकायचं जाहीर केलं. सुमारे एक कोटी नावं. गिऱ्हाइकांनी बोटही न उचलता त्यांची नोंद नव्या घरी गेली. जुलै २०२४ मध्ये त्यातली काही नावं, मुख्यतः क्रिप्टोच्या व्यवसायातली, चोरांनी ताब्यात घेतली. सुरक्षा संशोधकांनी लावलेला अर्थ असा: सामान हलवताना अनेक खात्यांवरची ओटीपीची दुसरी कडी गळून पडली होती, आणि ज्यांनी नव्या घरी अजून पाऊलच ठेवलं नव्हतं, त्यांच्या खात्याचा पासवर्ड पहिल्या आलेल्याला ठरवता येत होता. म्हणून 'तुमचं खातं आता अमुक कंपनीकडे गेलं आहे' असा मेल आला, तर तो खरा आहे का हे पाहा (मेलमधल्या दुव्यावरून नव्हे, पत्ता स्वतः टाइप करून), आणि खरा असेल तर त्याच दिवशी आत जाऊन कडी लावा.

दुसरी तऱ्हा, दलाल बुडतो. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनने काढून घेतली. लाखो नावं टांगणीला लागली आणि शेवटी दुसऱ्या कंपनीकडे सोपवावी लागली. नोंदींची प्रत तिसऱ्याकडे सुरक्षित ठेवायची अट करारात आधीपासून होती. ती नीट अमलात आली या प्रकरणानंतर. मात्र ही प्रत मान्यताप्राप्त रजिस्ट्रारच्या नोंदींची असते. रिसेलर गाशा गुंडाळून गेला तर वर कोण आहे ते तुम्हालाच शोधायचं.

आणि तिसरी तऱ्हा तर पोस्टाने येते. छान छापलेलं पत्र किंवा मेल: 'आपल्या डोमेनची मुदत संपत आहे, त्वरित भरणा करा.' बिलासारखं दिसतं, कारकून भरून टाकतो. मजकूर बारीक वाचला तर कळतं की ते बिल नाहीच, आपली नोंद यांच्याकडे हलवायची संमती आहे, तीही चढ्या दराने. अमेरिकेत अशा पत्रांवर तिथल्या व्यापार आयोगाने २००३ सालीच कारवाई केली होती. धंदा मेला नाही. यात आणखी एक भर: 'चीनमध्ये कोणीतरी तुमच्या नावाचं डोमेन घेत आहे, लगेच कळवा.' सरळ डिलीट करा.

तारखांचा हिशोब

ट्रान्सफर करताना 'डॉट कॉम'ला एका वर्षाचे पैसे भरावे लागतात आणि तेवढं वर्ष मुदतीत वाढतं. म्हणजे पैसे फुकट जात नाहीत. पण एका ठिकाणी जातात. मुदत संपली, जुन्या रजिस्ट्रारने ती आपोआप वाढवली, तुमच्या कार्डातून पैसे कापले, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवसांच्या आत तुम्ही नाव हलवलं, तर आपोआप वाढलेलं ते वर्ष रद्द होतं. नव्याकडे भरलेलं एक वर्ष तेवढं मिळतं. रजिस्ट्री जुन्या रजिस्ट्रारला त्याचे पैसे परत करते. जुना रजिस्ट्रार ते तुम्हाला देईल का? मागून पाहा.

मुदत उलटल्यावर धावाधाव करणाऱ्यांसाठी: रजिस्ट्रार काही दिवस सवलत देतो, जास्तीत जास्त पंचेचाळीस. मग नाव खोडलं जातं आणि तीस दिवस जबर दंड भरून परत मिळू शकतं. पुढे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग ते बाजारात मोकळं. बरीच चांगली नावं तिथपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच लिलावात निघतात. मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना द्यायचं बंधन रजिस्ट्रारवर आहे. त्या जातात त्याच ईमेलवर. आपण पुन्हा कॅनडात पोचलो.

"मग हलवूच नये का?"

असं मुळीच नाही. हलवायला कधी कधी सबळ कारण असतं. 'डॉट कॉम'च्या प्रत्येक नावामागे व्हेरिसाइन सगळ्या रजिस्ट्रारांकडून सारखाच दर घेते. सप्टेंबर २०२४ पासून तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला. म्हणजे जो पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपयांत देतो तो पदरचे घालतो आणि पुढे वसूल करतो. आप्पा दर वर्षी या घाऊक दराच्या कितीतरी पट भरत होते, त्यांचं हलायचं ठरवणं बरोबरच होतं. तरी माझं मत विचाराल तर फक्त शे-दोनशे रुपये वाचतात म्हणून चालतं नाव हलवू नये. कोड द्यायला खळखळ करणारी, फोन न उचलणारी, ओटीपीची सोय नसलेली कंपनी सोडायला मात्र मुहूर्त पाहू नका.

आप्पांच्या पुतण्याचा क्रम उलटा झाला, एवढंच. आधी नोंद पाहायची. आयकॅनच्या लुकअप पानावर आपलं नाव टाकलं की रजिस्ट्रार कोण, मुदत कधी, लॉक आहे का, हे फुकट दिसतं. मालक म्हणून कोण आहे ते झाकलेलं असेल, तर खात्यात शिरून बघायचं. तिथे वेबसाईटवाल्याचं नाव असेल तर ते आधी आपल्या नावावर करून घ्यायचं, ईमेल दुसऱ्याच कुठल्या पत्त्यावरचा द्यायचा, आणि साठ दिवसांची मोजणी ध्यानात ठेवायची. मग पाटीवरची ओळ न् ओळ उतरवून घ्यायची. पॅनेलचे फोटो काढले तरी चालतील. नवी पाटी जुनी उतरायच्या आधी लावायची, वहीत तिचा पत्ता बदलायचा, आणि पोस्टमनच्या आठवणीसाठी दोन-तीन दिवस द्यायचे. त्या दिवसांत दोन्ही पाट्या सारख्याच, त्यामुळे कोणी कुठलीही वाचली तरी बिघडत नाही. एवढं झाल्यावर लॉक काढायचं, कोड घ्यायचा, नाव हलवायचं. कोड व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा नाही. (हसू नका, पाहिलेलं आहे.) नाव पोचलं की नव्या घरी लॉक आणि ओटीपी दोन्ही लावायचे. आणि हे सगळं मुदतीच्या निदान दोन-तीन महिने आधी, शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच.

गेलंच तर

तासांचा खेळ असतो. पहिला फोन जुन्या रजिस्ट्रारला, कारण नाव परत मागायचं यंत्र त्याच्या हातात आहे. पॅनिक्सच्या शनिवारसारखी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून २०१२ पासून प्रत्येक रजिस्ट्रारला आणीबाणीचा एक संपर्क ठेवावा लागतो आणि चार तासांत उत्तर द्यावं लागतं. पण त्या नंबरवर फोन करायचा अधिकार दुसऱ्या रजिस्ट्रारला आहे, तुम्हा-आम्हाला नाही. चुकीच्या ट्रान्सफरबद्दल रीतसर तक्रार करायची ती देखील रजिस्ट्रारनेच, बारा महिन्यांच्या आत. म्हणून तुमचा रजिस्ट्रार फोन उचलतो का, हे स्वस्त-महागापेक्षा आधी बघायचं.

कोर्टाचा रस्ता आहे, लांबचा आहे. अमेरिकेत एका बनावट पत्राच्या जोरावर १९९५ साली गेलेलं एक बहुमोल नाव परत मिळवायला मालकाला अनेक वर्षं झगडावं लागलं. त्याच वादात २००३ साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की डोमेन हीसुद्धा मालमत्ता आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात डोमेनला व्यापारी नावासारखं संरक्षण मिळू शकतं असा निर्णय दिला. दोन्ही निकाल आपल्या बाजूचे. पण निकाल लागेपर्यंत अंकलेश्वरची ऑर्डर थांबत नाही.

आप्पांकडे अजून लाल चोपडा असतो, दिवाळीला त्याची पूजा होते. यंदा त्याच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आहेत: डोमेनचं नाव, रजिस्ट्रार, मुदतीची तारीख, आणि सूनबाईंचा ईमेल. पाचव्या ओळीवर पासवर्डही लिहिला होता. तो मी खोडायला लावला.